गुडघ्याचं माप

नीलांबरीनं नळीच्या वळणावरून बोट फिरवलं. झालं ते एवढंच. उजव्या हाताची तर्जनी, भिंतीतून नळी बाहेर येते तिथं टेकली, वळणावरून सावकाश खाली उतरली आणि तोटीपाशी येऊन थांबली. मग ती म्हणाली, "बघा ना, कुठंच चेपलं नाही. किती गोल आलंय!" शामकांत न्हाणीच्या दारात उभा होता. एका हातात सायकलची किल्ली, दुसऱ्या हातात रिकामा डबा. कचेरीतून येऊन त्याला चार मिनिटं झाली होती आणि लग्न होऊन अठरा महिने. या अठरा महिन्यांत आपल्या कुठल्या गोष्टीवरून हिनं असं बोट फिरवलं आहे का, हे तो उभ्या उभ्या आठवून पाहू लागला. एकच प्रसंग आठवला. तेव्हा त्याच्या शर्टाला शाई लागली होती. "थोडं चेपलंय," तो म्हणाला. "कुठं?" "आहे. नीट बघितलं की दिसतं." तिनं नीट बघितलं, म्हणजे पुन्हा एकदा बोट फिरवलं, आणि या खेपेला आधीपेक्षा सावकाश. आपण हे स्वतःच्या तोंडानं ओढवून घेतलं, हे शामकांतच्या ध्यानात आलं तोवर बोट तोटीपर्यंत पोचलंसुद्धा होतं.

नळी बसवणारा माणूस तिथंच होता. गहिनीनाथ त्याचं नाव. मूळचा श्रीगोंद्याकडचा, आता माळीवाड्याच्या वेशीबाहेर त्याचं नळकामाचं दुकान. तो न्हाणीसमोरच्या स्टुलावर बसून चहा पीत होता. कप शामकांतचा होता. तपकिरी पट्ट्यांचा, कान जरासा टवका उडालेला. घरात या कपाला दुसरं कोणी हात लावत नसे. पण कपाचं एक वेळ सोडून देता आलं असतं. गहिनीनाथनं उजवा पाय समोर सरळ लांब सोडला होता, अगदी दाराच्या आडवा, आणि शामकांत आला म्हणून तो त्यानं तसूभरही मागं घेतला नाही. "रामराम सायेब," तो बसल्या बसल्या म्हणाला. शामकांतला स्वतःच्या घरात, स्वतःच्या न्हाणीत जायला एका परक्या माणसाची तंगडी ओलांडावी लागली. ओलांडताना त्यानं डबा छातीशी धरला होता. "साचा कुठला वापरता?" त्यानं विचारलं, काहीतरी अधिकाराचं बोलायचं म्हणून. "साचाबिचा काय न्हाई, सायेब," गहिनीनाथ म्हणाला आणि त्यानं त्या लांब सोडलेल्या पायावर थाप मारली. "आमी गुडघ्यावर वाकिवतो." नीलांबरी म्हणाली, "अगंबाई, गुडघ्यावर?" आणि तिनं गुडघ्याकडे पाहिलं. शामकांतनंही पाहिलं. गुडघा खाकी विजारीत होता. त्यावर गंजाचा एक डाग होता. बाकी त्यात विशेष असं काही दिसत नव्हतं.

तांब्याची ही नळी शामकांतच्या वडिलांनी, दत्तोपंतांनी, कॅम्पातल्या लष्करी लिलावातून आणली होती. दत्तोपंत छत्तीस वर्षं भूमिती शिकवून निवृत्त झाले होते. नळीचं वेटोळं ज्या लॉटमध्ये होतं त्याच लॉटमध्ये डाव्या पायाचे तीन बूटही होते. लॉट फोडून मिळणार नाही असं सुभेदार म्हणाला, म्हणून तेही आले. मागच्या पडवीत पाणी तापवायचा बंब आणि पुढं न्हाणी, मधे भिंत. गरम पाण्याची बादली आयुष्यभर बायकांनी पडवीतून वळसा घालून आणायची. त्याऐवजी भिंतीला भोक पाडून, दोन काटकोन वळणं देऊन, बंबाचं पाणी थेट न्हाणीत आणायचं, अशी दत्तोपंतांची योजना. योजनेत काही चूक नव्हती. फक्त साल बाहत्तर उलटून त्र्याहत्तर लागलं होतं, पाऊस दोन वर्षं फिरकला नव्हता आणि नळाला पाणी पाचव्या दिवशी येत होतं, तेही गुरगुरत. बंबात टाकायला पाणी होतं कुठं? माणशी दोन तांबे, त्यात आंघोळ म्हणायची ती उरकायची. "अहो अप्पा, पाणी नाही आणि नळी कशाला?" असं शामकांतनं विचारलं तेव्हा दत्तोपंत म्हणाले होते, "म्हणजे पाणी आल्यावर तू नळी शोधत बसणार?" अप्पांचं सगळं बोलणं सिद्धतेसारखं असे. शेवटी खाली दोन रेघा मारायच्या तेवढ्या राहत. तर गहिनीनाथ आदल्या दिवशी शामकांत कचेरीत असताना येऊन तारेनं माप घेऊन गेला होता, म्हणजे तार जशी हवी तशी भिंतीला लावून वाकवली आणि नेली. आणि आज त्या तारेबरहुकूम वाकवलेली नळी आणून त्यानं बसवली होती. अप्पांनी कोनमापक काढलं. चष्मा वर करून वळणाला लावलं. "नव्वद," ते म्हणाले. दुसऱ्या वळणालाही लावून पाहिलं. मग म्हणाले, "हा मुलगा माझ्या वर्गात हवा होता." शामकांत त्यांच्या वर्गात होता. तीन वर्षं.

ती तीन वर्षं त्याला चार दिवसांनी सकाळी न्हाणीत पाटावर बसल्या बसल्या आठवू लागली. त्याचं वर्तुळ कधी जुळत नसे. कंपासची पेन्सिल जिथून निघायची तिथं परत यायची नाही. केसभर आत किंवा केसभर बाहेर. अप्पा वही उंच धरून वर्गाला दाखवत. "ही गोगलगाय कोणाची?" वर्ग हसायचा. घरी आल्यावर अप्पा पुन्हा वडील होत आणि विचारत, आज शाळेत काय झालं? तेव्हापासून गोल वस्तूंबद्दल शामकांतच्या मनात एक अढी होती. भाकरी, पाटा-वरवंट्यातला वरवंटा, लग्नात नीलांबरीच्या कपाळाला लागलेलं कुंकू, सगळ्यांकडे तो जरा सावधपणे पाही. आणि आता हे वळण. समोरच्या भिंतीवर, डोळ्यांच्या रेषेत. नळी गुडघ्यावर वाकवली म्हणजे नळीला जो बाक आला तो गुडघ्याचा. म्हणजे इथं भिंतीवर जे आहे ते वळण नसून गहिनीनाथचा गुडघा आहे, फक्त आतून पोकळ. हा विचार त्याला दुसऱ्या तांब्याच्या वेळी आला आणि उरलेलं पाणी अंगावर घ्यायचं राहून गेलं. नीलांबरी याच पाटावर बसते. उठताना वळणाला धरून उठते; तो कालच पाहत होता, नाही, पाहत नव्हता, नजर गेली होती. पंचाही त्याच्यावरच वाळत घालते. पाणी वाहायचा प्रश्नच नव्हता, तेव्हा नळीचा घरात उपयोग काय तो एवढाच: नीलांबरीनं धरायची. नगरात अशी किती घरं असतील! किती न्हाण्यांमध्ये, किती मोऱ्यांमध्ये या एका माणसाचा गुडघा भिंतीतून डोकावत असेल, आणि किती नवरे त्याच्याकडे बघत अंगाला साबण लावत असतील, काही कल्पना नसलेले, सुखी. शामकांत उठला. दाराला कडी आहे ना ते पाहिलं. आणि त्यानं उजवा गुडघा वर उचलून, एका हातानं भिंतीचा आधार घेत, वळणात घालून पाहिला. बसेना. डावा घालून पाहिला. तोही बसेना. बाक लहान होता. म्हणजे गहिनीनाथचा गुडघा आपल्याहून लहान आहे! कचेरीत पोचेपर्यंत तो या आनंदात होता. दुपारी डबा खाताना त्याच्या मनात आलं की लहान म्हणजे बेताचा, बेताचा म्हणजे सुबक, आणि आनंद संपला.

घरात त्या माणसाचं नाव दिवसातून दहा वेळा येई, ही दुसरी गोष्ट. "गहिनीनाथ म्हणाले तोटीला महिनाभरानं चामड्याचं वायसर घाला." "गहिनीनाथांनी भोक किती बेतानं पाडलं, पोपडासुद्धा पडला नाही." अप्पांपुढं, शेजारणींपुढं, मोकळं, खणखणीत. शामकांतचं नाव नीलांबरीनं आजवर एकदाच घेतलं होतं. लग्नात, घास भरवताना, उखाण्यात. तेही सनईवाल्यानं नेमकी त्याच वेळी सुरुवात केल्यामुळे 'शाम' ऐकू आलं होतं आणि 'कांत' राहिलं होतं. त्यानंतर तो 'अहो' होता. दारावर विक्रेता आला तरी 'अहो' आणि नवरा आला तरी 'अहो'. रीत होती, त्याला रीत मान्य होती, त्याच्या आईनंही अप्पांचं नाव कधी घेतलं नव्हतं. पण तेव्हा घरात दुसऱ्या कोणाचा गुडघा नव्हता. "तू त्याला नावानं का हाक मारतेस?" त्यानं एकदा विचारलं. "मग कशानं मारू?" ती म्हणाली. यावर त्यानं तीन दिवस विचार केला.

शेवटी त्यानं ठरवलं की नळी आपण वाकवायची. नुसती वाकवायची नाही; वाकवायची, न्हाणीतली काढायची आणि तिथं आपली बसवायची. मग ती उठताना धरेल ते आपलं असेल. एक दिवस, कोणी न सांगता, ती त्यावरून बोट फिरवील आणि काहीतरी म्हणेल. काय म्हणेल तेही त्यानं ठरवून ठेवलं होतं. वेटोळ्यातली पाचेक फूट नळी माळ्यावर उरली होती. एका दुपारी कचेरीला अर्धी रजा टाकून, नीलांबरी देवळात आणि अप्पा वाचनालयात गेले असता, त्यानं हातभर तुकडा कापला, गुडघ्यावर आडवा धरला आणि दोन्ही टोकं ओढली. तांबं दिसायला गरीब असतं. बराच वेळ काहीच झालं नाही. मग एकदम सगळं झालं. नळी वाकली नाही, मोडून पडली मधल्या मधे, आणि जिथं बाक यायचा तिथं चपटी जीभ बाहेर काढल्यासारखी झाली. गुडघ्यावर निळा वळ उठला. तो मात्र चांगला गोल होता.

बन्सी हा कचेरीतला शिपाई, बेलापूरचा. शामकांत टंचाई शाखेत कारकून होता. कुठल्या गावाला टँकर गेला, कुठल्या गावाला जायचा राहिला, याच्या फायली बन्सी आणायचा आणि न्यायचा आणि फायलींपेक्षा जास्त त्यालाच माहीत असायचं. "आवं भाऊसायेब, आशी कोरडी नळी कुटं वाकती व्हय?" तो म्हणाला. "वाळू भराया लागती. दोनी टोकाला लाकडाची बुचं ठोकायची, न् मंग इस्तवावर धरायची. लोन्यावानी वाकती." "तू वाकवलीस?" "म्या न्हाई. आमच्या चुलत्यानं बगितलं हुतं." एवढ्या भक्कम आधारावर शामकांत पुढच्या आठवड्यात कामाला लागला. वाळू कुठून आणायची? शेजारचं अर्धवट बांधकाम पाण्याअभावी बंद पडून तिथली वाळू कधीच लोकांनी नेली होती. मग त्याला आठवलं, माठाखाली वाळू आहे. माठ गार राहावा म्हणून घरोघर माठाखाली वाळूचं आळं असतं आणि माठातून पाझरलेल्या पाण्यानं ते सदा ओलं असतं. त्या वर्षी सबंध नगरात ओलं असं तेवढंच उरलं होतं. शामकांतनं ती वाळू चमच्यानं काढली, नळीत भरली, ठोकून ठोकून भरली, दोन्ही बाजूंना खुंटीची बुचं मारली आणि पडवीत शेगडीवर नळी आडवी ठेवून फुंकणीनं निखारे फुलवू लागला. नळी आधी काळपट झाली, मग जांभळी. आतून एक बारीक शीळ येऊ लागली. त्याला ती आवडली. काम होत असल्याची खूण वाटली. तो ऐकायला जरा वाकला, मग धूर डोळ्यांत गेला म्हणून बाजूला झाला, आणि म्हणून पुढं त्याला निवृत्तिवेतन मिळण्याची शक्यता शाबूत राहिली. धाडकन आवाज झाला. एका टोकाचं बूच सुटलं, पडवीच्या गल्लीकडच्या उघड्या दारातून सरळ बाहेर गेलं आणि गल्लीच्या तोंडाशी मुक्ताबाईंच्या ओट्यावर पालथ्या घातलेल्या रिकाम्या पितळी हंड्यावर जाऊन बसलं. हंडा असा वाजला की देवळातली घंटासुद्धा तशी कधी वाजली नसेल.

आता त्या गल्लीची रीत अशी होती की टँकर वळताना ज्याला पहिल्यांदा दिसेल त्यानं हंडा वाजवायचा. हंडा वाजला की पुढचं कोणी विचारायचं नाही. दारं उघडली. घागरी, कळशा, बादल्या, एकीच्या हातात तर इडलीचं भांडं, बघता बघता रांग लागली ती पार मारुतीपर्यंत. टँकर नव्हता. "येतोय, येतोय," पुढच्या बाई मागच्यांना सांगत होत्या. "हंडा कोणी वाजवला?" "मुक्ताबाईंनी." "मी नाही बाई, माझा वाजला." पण रांगेतून निघणार कोण? निघालं की नंबर गेला. शामकांत पडवीच्या दारामागं भुवया चाचपीत उभा होता. अर्धीअधिक डावी भुवई बोटाला लागत नव्हती. बाहेर जाऊन सांगावं, बायांनो, टँकर नाही, मी नळी वाकवत होतो. पण या वाक्यानंतर लोक 'का' असं विचारतील, आणि त्याचं उत्तर गल्लीत उभं राहून देण्यासारखं नव्हतं. एक तास गेला. रांग हलली नाही, उलट पलीकडच्या आळीतून येऊन लोक मागं उभे राहिले. आणि सव्वा तासानं टँकर आला. त्याला जायचं होतं पुढच्या गल्लीत. पण एवढी शिस्तीत लागलेली रांग पाहून ड्रायव्हरला वाटलं, ठिकाण हेच असणार. नीलांबरीनं अकरा कळशा भरल्या. ओल्या पदरानं कपाळ पुसत ती आत आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर शामकांतनं कधी न पाहिलेलं काहीतरी होतं. "मुक्ताबाई म्हणाल्या, यांचीच खटपट," ती म्हणाली. "टंचाई शाखेत आहेत म्हणून आला, नाहीतर आपल्याकडे कोण पाठवतंय! मला सांगायचं नाही होय आधी?" बाहेर कोणीतरी त्याचं नाव घेऊन धन्यवाद देत होतं, पूर्ण नाव, आडनावासकट. शामकांतला आनंद व्हायला हवा होता. पण त्याला हे नको होतं. हे म्हणजे दुसऱ्याच्या उत्तरपत्रिकेवर आपला नंबर पडल्यासारखं. तिची नजर त्याच्यावर अशी पहिल्यांदा टिकली आणि टिकली ती न केलेल्या गोष्टीसाठी. "भुवईला काय झालं?" तिनं विचारलं. "कचेरीत," तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी खरोखर कचेरीत, पुढच्या गल्लीतल्या बेचाळीस रहिवाशांचा तक्रारअर्ज आला. तो आवक रजिस्टरात त्यालाच चढवावा लागला.

त्या रविवारी सकाळी तो सायकल काढून माळीवाड्याच्या वेशीकडे निघाला. उरलेल्या नळीचा शेवटचा तुकडा त्यानं कॅरिअरला बांधला होता. दुकानात जाऊन काय बोलायचं हे त्यानं वाटेत चार प्रकारे जुळवलं. पहिल्या प्रकारात तो गहिनीनाथला सरळ सांगणार होता की, तुमची नळी काढून न्या. दुसऱ्यात तो काहीच बोलणार नव्हता, फक्त दुरून पाहणार होता; तो गुडघा कामावर असताना पाहायचा, त्याचं गुपित काय ते डोळ्यांनी उचलायचं. तिसरा आणि चौथा प्रकार एकमेकांत मिसळले आणि तोवर दुकान आलं. पत्र्याची शेड, पुढं कडुलिंब, त्याला एकही पान नव्हतं. गहिनीनाथ खुर्चीवर बसून चहा पीत होता, पाय तसाच समोर लांब. आणि शेडच्या तोंडाशी जमिनीवर एक बाई बसली होती, नऊवारीचा काचा मारून, एक गुडघा उभा, गुडघ्यावर गोणपाटाची घडी. आणि त्या गुडघ्याभोवती ती तांब्याची नळी वळवत होती. वळवत होती म्हणजे नळीच तिच्याकडे येत होती. जराशी ओढ, जराशी थांब, नळी बोटभर सरकवायची, पुन्हा जराशी ओढ. कुठं झटका नाही, कुठं जोर केल्याचं चेहऱ्यावर नाही. ती मधूनच कोंबडीला हाड करत होती.

"या सायेब, या," गहिनीनाथ म्हणाला आणि उठायला म्हणून त्यानं खुर्चीच्या दोन्ही हातांना धरलं, आधी एक पाय टेकवला, मग दुसरा, न वाकणारा, काठीसारखा बाजूनं फिरवून आणला. शामकांत पाहत राहिला. "पायाला काय झालं?" "ते व्हय? जुनं हाय. उसाची गाडी गेल्ती गुडघ्यावरनं. वाकत न्हाई. सायकलीवर बी येक पाय सोडूनच बसतो." "पण तुम्ही तर म्हणालात..." "काय?" "गुडघ्यावर वाकवतो म्हणून." "मंग! वाकिवतोच की," गहिनीनाथ म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर काही बदल झाला नाही. "चांगुणा, ह्ये तांबोळी गल्लीतलं टंचाईचं सायेब." बाईनं वर पाहिलं. "नव्वदच्या दोन वळनाचं?" तिनं विचारलं. "चांगलं बसलं का वो, दादा? भिताडाकडंचं मला जरा बारीक वाटत हुतं." शामकांतनं तिच्या गुडघ्याकडे पाहिलं आणि लगेच नजर कडुलिंबावर नेली. बेताचा. सुबक. महिनाभर आपण ज्याच्यावर जळत होतो तो हा गुडघा. म्हणजे ज्याच्यावर जळत होतो त्या माणसाचा गुडघा वाकतसुद्धा नाही. त्याला वाटलं आता सुटल्यासारखं वाटेल, आणि तो तसं वाटण्याची वाट पाहत थोडा वेळ उभा राहिला.

वाटेना. तेवढ्यात चांगुणा म्हणाली, "धरा." गहिनीनाथ कप घेऊन पुन्हा खुर्चीत टेकला होता; त्यानं तिथूनच वाकून नळीचं दुसरं टोक धरलं. तिनं त्याच्याकडे पाहिलं नाही, त्यानं तिच्याकडे पाहिलं नाही. त्याच्या दुसऱ्या हातात चहाचा कप होता आणि तो हिंदकळला नाही. ती ओढायची तेव्हा तो सोडायचा, ती थांबायची तेव्हा तो धरायचा, आणि हे दोघं दुसऱ्याच विषयावर बोलत होते, कुठल्याशा सोयरिकीतल्या मुलीच्या काळ्या रंगाबद्दल. गुडघा राहिला बाजूला. हे आपल्याकडे नाही, शामकांतच्या मनात आलं. 'धरा' एवढं म्हणायचं आणि समोरच्यानं काय, कुठं, किती हे न विचारता धरायचं. आणि वर हा माणूस घराघरांत जाऊन 'आमी' म्हणतो, बायकांकडून अगंबाई म्हणवून घेतो, दुसऱ्यांच्या कपातून चहा पितो, आणि घरी आला की ही त्याची बायको त्याला काही विचारत नाही. एवढ्या सगळ्याचा हेवा एका माणसानं एका वेळी कसा करायचा? "दादा, तुमी नळी आनलीया," चांगुणा म्हणाली. "वाकवायची का?" "मला वाकवायची आहे," शामकांत म्हणाला. "मी... शिकतोय." गहिनीनाथनं कप खाली ठेवला. "सायेब, पगार बंद झाला काय?" "तुमी गप बसा वो," चांगुणा म्हणाली. मग तिनं सांगितलं, भाजी कशी करायची ते सांगावं तसं. आधी नुसती नळी लाल करायची, पाण्यात बुडवायची, म्हणजे मऊ पडते. मग वाळू भरायची. तीही तव्यावर भाजून, शेंगदाण्यांसारखी, पार कोरडी. मग गार नळीच वाकवायची. "भरून तापवली म्हंजे तोफ हुती," ती म्हणाली. "झाली," शामकांत म्हणाला. चांगुणानं त्याच्या भुवईकडे पाहिलं आणि तोंडाला पदर लावला. "वाकवताना पुन्ना ताट लागाया लागली तर पुन्ना तापवायची. न् वडायचं न्हाई लई. येकट्यानं करू नका. येक टोक कुनीतरी धरावं लागतं."

घरी आल्यावर त्यानं तव्यावर वाळू भाजली. नीलांबरी दारात उभी राहून पाहत होती. काय चाललंय असं तिनं विचारलं नाही, आणि न विचारण्याची तऱ्हा विचारण्यापेक्षा वाईट होती. शेगडीत नळी लालबुंद झाली. बुडवायला पाणी? न्हाणीत टँकरच्या पाण्यातली, तिच्या आंघोळीची अर्धी बादली ठेवलेली होती. तिनंच ती आणून पुढं सरकवली. नळी चुर्र करून आत गेली. तिनं बादलीत बोट बुडवून पाहिलं. "कोमट झालंय," ती म्हणाली. अप्पांच्या योजनेप्रमाणं तांब्याच्या नळीनं न्हाणीचं पाणी तापवलं ते असं. मग त्यानं वाळू भरली, बुचं मारली, तरट गुडघ्यावर घेतलं आणि म्हणाला, "धर." ती म्हणाली, "काय? कुठं? किती?" त्यानं दाखवलं. तिनं टोक धरलं. तो ओढू लागला आणि नळी त्याच्या गुडघ्यावर कशीबशी येऊ लागली. येता येता एका जागी नळीच्या पोटात खळगा पडतोय हे त्याला हाताला कळलं, आणि तरी हात थांबेना. "अहो, थांबा. ओढताय कशाला एवढं?" "ओढत नाहीय." "ओढताय. द्या बघू इकडे." आणि त्यानं द्यायच्या आत ती घेऊन पाटावर बसली होती. तिनं नळी फिरवून त्याचा खळगा एका टोकाकडे घेतला, तिथं सरळच राहणार होती, आणि कोऱ्या बाजूखाली एक गुडघा उभा करून त्यावर पंच्याची घडी ठेवली. "धरा," ती म्हणाली. त्यानं धरलं. ती ओढायची, थांबायची. मधेच म्हणाली, "आता ताठ लागतंय," तेव्हा वाळू काढून नळी शेगडीवर पुन्हा तापवून पुन्हा बुडवली, पाणी आणखी जरा कोमट झालं, वाळू नव्यानं भरली. हे तिला सांगितलं कोणी? शामकांतनं तर सांगितलं नव्हतं. तो टोक धरून बसला होता आणि तिच्या कपाळावरची बारीक शीर पाहत होता. ओठ दातात धरलेला. ती त्याच्याकडे पाहत नव्हती. ती नळीकडेही पाहत नव्हती. ती भिंतीकडे कुठंतरी बघत होती, आणि वळण येत होतं.

अप्पा वाचनालयातून आले, त्यांनी छत्री खुंटीला लावली आणि कोणी न सांगता कोनमापक काढलं. चष्मा वर केला. "नव्वद," ते म्हणाले. मग शामकांतकडे पाहून, बऱ्याच वर्षांनी, "शाम, तू?" शामकांतच्या तोंडात उत्तर तयार होतं. ते दोनच अक्षरांचं होतं, गहिनीनाथचं ते 'आमी', आणि ते म्हटलं असतं तर कोणाचं काही बिघडलं नसतं. नीलांबरी पदरानं हात पुसत त्याच्याकडे बघत होती. पहिल्यांदा बघत होती, तो काय म्हणतो ते ऐकायला. "नाही," तो म्हणाला. "हिनं." "अस्सं," अप्पा म्हणाले, आणि ही मुलगी माझ्या वर्गात हवी होती, असं म्हणतील म्हणून शामकांत थांबला, पण ते कोनमापक पुसत आत निघून गेले. नीलांबरीनं नळी त्याच्यापुढं केली. "कसं झालंय?" शामकांतनं हात पुढं केला. नळी अजून तिच्या गुडघ्याची ऊब धरून होती, किंवा शेगडीची. त्याची तर्जनी सरळ भागावर टेकली, वळणाला लागली, वळणावरून खाली उतरली. कुठं अडली नाही. त्याच्या सगळ्या आयुष्यात एखादी रेघ जिथं जायला हवी तिथं अशी गेली नव्हती, आणि ही आत्ता, पाटावर बसून, भिंतीकडे बघत, पहिल्याच खेपेला. त्याला काहीतरी म्हणायचं होतं. ते काय होतं ते त्याला ओळखता येईना. बाहेर आलं ते ओळखीचं होतं.

"थोडं चेपलंय," तो म्हणाला.

"कुठं?"

त्यानं बोट पुन्हा वर नेलं आणि सावकाश खाली आणलं. मग आणखी सावकाश. ती समोर बसून होती, तिला काही घाई नव्हती, आणि तो शोधत राहिला.